खडूच्या रेघा आणि बावीस शर्ट

बारावीत मला डेरिव्हेटिव्ह काढता यायचा, पण तो असतो काय, असं विचारलं की बोबडी वळायची. "घात पुढे आणायचा आणि घातातून एक वजा करायचा," असं मी एकदा वर्गात ठणकावून सांगितलं. सर म्हणाले, "ही कृती झाली. आमटीची कृती पाठ केली म्हणून चव कळते का?" वर्ग खिदळला. मी घरी येऊन गणित सोडत असल्याचं जाहीर केलं. आईने मानही वर केली नाही. तिला झेंडावंदनासाठी शाळेच्या पोरांचे शर्ट शिवून द्यायचे होते.

महाडच्या बाजारात आईचं शिवणाचं दुकान होतं, पाच पायऱ्या चढून. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी सकाळीच सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं. बावीस शर्ट बाकी होते. मशीनचं डोकं खोलून माळ्यावर चढवलं तर शर्ट राहिले. नाही चढवलं आणि पाणी आत आलं, तर मशीनच गेलं. आईने मला पाणी बघायला दारात बसवलं आणि स्वतः पायडल मारत राहिली.

"दुसऱ्या पायरीवर आहे," मी ओरडले. "अजून भरपूर वेळ आहे."

आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या वाडीतलं. चिडली की तिची बोली थेट तिकडे जायची. "कुठं हाय ते नको सांगू गो! मघापासून किती चढलं ते सांग."

ते मी पाहिलंच नव्हतं. तिने कापडावर खुणा करायचा खडू माझ्याकडे फेकला. आमच्या गल्लीत सगळे असंच करायचे, दर पाव तासाने पाण्याच्या कडेला भिंतीवर रेघ. मी बारावी सायन्स, मला त्याची लाज वाटायची.

पहिल्या दोन रेघांत वीतभर अंतर पडलं. आईने मशीनचा पट्टा काढून डोकं खोलायला पाना हातात घेतला. पुढचं अंतरही वीतभर. मग चार बोटं. मग दोनच. पाणी मात्र शेवटच्या पायरीवर आलं होतं, आणि बाईसाहेब पट्टा परत चढवत होत्या.

"आई, वेड लागलं का तुला? पाणी दारात आलं!"

"रेघा बघ की. जवळ आल्यात. दासगावच्या खाडीला ओहोटी लागली असणार, दम संपला पाण्याचा."

मी तणतणत पुढची रेघ ओढली. ती आधीच्या रेघेवरच पडली. सर महिनाभर फळ्यावर टेकडी काढून तिच्या माथ्यावर आडवी पट्टी धरत होते, ती हीच. सगळ्यात वर, आणि वाढीचा वेग शून्य; हाच तो डेरिव्हेटिव्ह. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

दाराबाहेर दिवसभरातलं सगळ्यात जास्त पाणी होतं, आणि आत मशीन धडधडत होतं.

"रडून झालं की बटणं लाव," आई म्हणाली.