अय्यांच्या तळहातावरचं पिस्टन

देवावर विश्वास आहे का, असं त्या उन्हाळ्यात कुणी मला विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग होतं, सकाळी कपाळाला विभूती लागत होती, पण ते सगळं दात घासण्यासारखं झालं होतं. केलं नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं, म्हणून करायचं. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. विहिरींचे तळ दिसत होते, बैल छावणीला गेले होते, धडधाकट माणसं खडी फोडायला गेली होती. अशा दिवसांत वरच्याला हाक मारायची म्हणजे बंद घराची कडी वाजवल्यासारखं वाटायचं. घरातल्या लेकरांना ही हकीकत मी नेहमी हसवत सांगतो. ती घडत होती तेव्हा मात्र हसण्यासारखं तिच्यात फारसं काही नव्हतं.

आमचं गाव अक्कलकोटचा रस्ता सोडून पाच-सहा मैल आत. मी खेडोपाडी चहापत्ती विकायचो, मैंदर्गीच्या बाजारापासून कन्नड मुलखातल्या वाड्यांपर्यंत. त्यासाठी मी लष्कराच्या लिलावातली, अनेक हातांतून फिरून आलेली एक परदेशी टू-स्ट्रोक फटफटी घेतली होती. ढेकळांतून, ओढ्याच्या वाळूतून, गाडीवाटेच्या चाकोरीतून ती बिनतक्रार जायची, आणि डांबरावर आली की खोकायची. पेट्रोलमध्ये तेल कालवून तिला पाजावं लागायचं. ते मी इतक्या निगुतीनं करायचो की बायको तिला माझी थोरली म्हणायची. "थोरलीचं पाजून झालं का? मग धाकटीलाबी कुणीतरी चहा विचारा," असं ती चुलीपाशी बसून म्हणायची, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

एका दुपारी आमच्या परड्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. बायको शेळी सोडवायला धावली आणि ते तिच्या पोटरीला चावलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक, खाडा करायचा नाही. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "एखादा दिवस चुकला तर बघता येईल. त्यापुढं मात्र मला काही सांगता यायचं नाही." तो काय सांगत नव्हता ते आम्हा दोघांना कळलं. आमच्या शेजारच्या गावात एक माणूस तसाच कुत्रं चावून गेला होता. पाण्याचा तांब्या बघून ओरडायचा.

सोलापुरात माझा मावसभाऊ राहायचा. पंधरवडाभर हिला ठेवून घे, असं म्हणायला आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. त्यानं चहा दिला. त्याची बायको दारातूनच बघत होती, माझ्या बायकोच्या तोंडाकडं. शेवटी तोच म्हणाला, "घरात लेकरं हायत, दादा. तू समजून घे की." मी समजून घेतलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "जाता जाता एकदा भुंकून दाखवायला पायजे हुतं. त्यांचंबी समाधान झालं असतं." आम्ही दोघं हसलो.

मग रोजची वारी सुरू झाली ती त्या फटफटीवर. बायकोचं पोट दगडासारखं कडक झालं होतं, अंगात कणकण असायची. मागच्या सीटवर वाकळेची घडी टाकून ती बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या सदऱ्याची मूठ आवळायची. ती मूठ मला अजून पाठीवर आठवते. गावात लोक वाईट नव्हते, पण आमच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे.

निम्मी इंजेक्शनं झाली असतील. दवाखान्यातून परतताना गावाजवळच्या कोरड्या ओढ्यात इंजिन एकदा किंचाळलं आणि जागच्या जागी आवळलं. मी किकवर उभा राहिलो, तर किक खाली जाईना. बायकोला तशीच सीटवर बसवून मी गाडी ढकलत घरी आणली. तिनं टोमणा मारला नाही याचीच मला जास्त भीती वाटली. घरी येऊन मी इंजिन खोललं. पिस्टनची एक रिंग तुटली होती. रिंग म्हणजे पिस्टनच्या खाचेत बसणारं बांगडीएवढं लोखंडी कडं. पिस्टन ज्यात फिरतं त्या नळकांड्यावर एक ओरखडा उठला होता, बाकी सगळं शाबूत होतं. एवढ्याशा कड्यावाचून गाडी म्हणजे नुसता सांगाडा.

बायकोच्यानं एसटीच्या रस्त्यापर्यंत पाच-सहा मैल चालवलं नसतं आणि बैल छावणीला होते, म्हणून दुसऱ्या दिवशीचं इंजेक्शन बुडणार हे तेव्हाच ठरलं. परवाचं बुडू द्यायचं नव्हतं. पहाटे पिस्टन आणि तुटकी रिंग पंचात गुंडाळून पिशवीत घातली, रस्त्यापर्यंत चाललो आणि एसटी धरली. घशाखाली काही उतरत नव्हतं, म्हणून आदल्या दुपारपासून मी जेवलो नव्हतो.

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासची गाड्यांच्या सामानाची सगळी दुकानं मी पालथी घातली. कुणी रिंग बघून मान हलवली, कुणी पिस्टनच हातात घेऊन वजन केलं आणि परत दिलं. एकानं आपल्याकडची रिंग लावून बघितली, ती घागरीवर परातीचं झाकण ठेवावं तशी दिसत होती. भंगारवाल्या चाचांनी तर पिशवीत नुसतं डोकावून बघितलं. "इसका सामान नक्को पूछो भाई," ते म्हणाले, "बनानेवाले बी मर गये होंगे." मग माझा चेहरा बघून त्यांनीच मला पाणी दिलं.

ऊन डोक्यावर आलं होतं. एका बोळात लहानसा मठ होता, त्याच्या पायरीवर सावली होती, म्हणून मी बसलो. भक्तिभाव वगैरे काही नाही, सावली होती म्हणून. आत गेलो नाही, हातही जोडले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही सुचत नव्हतं.

पायरी झाडायला एक म्हातारी आली. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात खराटा. माझ्या सदऱ्यातून शिवदोरा, लिंगाचा दोरा, डोकावत होता, तो बघून तिनं कन्नडमध्येच विचारलं, "याक तम्मा?" म्हणजे काय झालं रे भावा. मी म्हणालो, "रिंग मुरीत, अक्का." रिंग तुटली.

तिनं कानामागं हात धरला. मी पुन्हा म्हणालो.

खराटा तिच्या हातातून खाली पडला. "अय्यो शिवने," ती म्हणाली. "लिंग मुरीत? कधी?"

"काल."

"आणि जेवलास?"

"नाही," मी म्हणालो, कारण ते खरंच होतं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्यात इष्टलिंग भंगलं तर माणसानं अन्नाला शिवायचं नसतं. गुरूनं दुसरं लिंग हातावर दिलं की मगच जेवायचं. म्हातारीच्या मनात सगळं जुळलं. हा माणूस कालपासून उपाशी, रडतोय, भंगलेलं लिंग पिशवीत घेऊन मठाच्या दारात बसलाय. चूक माझ्या ध्यानात आली आणि मी तोंड उघडलं, पण तोवर तिनं माझ्या मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी उचलली होती, कपाळाला लावली होती आणि ती अनवाणी चालायला लागली होती. "बा तम्मा," ये भावा, असं ती मागं न बघता म्हणाली. बोळातल्या लोकांना ती बाजूला व्हायला सांगत होती. सायकलवाला सायकलवरून उतरून उभा राहिला. मी माझ्या पिस्टनच्या मागं मान खाली घालून चाललो.

ती राहायची ते घर तिच्या धाकट्या भावाचं. तो जंगम, म्हणजे आमच्यातला गुरू, त्याला सगळे अय्या म्हणायचे. अय्या ओसरीवर कांबळ्यावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, बुबुळं ताकासारखी दिसत होती.

"अय्या, ऐकण्यात जरा चूक झालीया," मी सुरुवात केली.

"कालधरनं जेवला न्हाय बघ," अक्का माझ्यापेक्षा मोठ्यांदा म्हणाली. "रडत हुता पायरीवर."

अय्यांनी डावा तळहात पुढं केला. आम्ही पूजेच्या वेळी लिंग धरतो, तसा. "आण हितं," ते म्हणाले. अक्कानं पंचा सोडला आणि पिस्टन त्यांच्या हातावर ठेवलं. काळपट, तेलकट, वरून गोल. अय्या ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणायला लागले. मी भिंतीला टेकून उभा होतो. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मग त्यांचा अंगठा हलला. खाचेवरून फिरला, पुन्हा फिरला, खाचेत रिंग अडवणाऱ्या बारीक खिळीपाशी थांबला. मंत्र थांबला.

"अक्का, हे लिंग न्हाय," ते ओरडून म्हणाले.

"मग काय हाय?"

"माझ्या गाडीचं पिस्टन हाय. माझी गाडी कुणी खोलली?"

मी जे समजायचं ते समजलो. मागच्या पडवीत गोणपाटाखाली तशीच गाडी उभी होती. त्याच लिलावातली असावी, माझ्या गाडीची सख्खी बहीण. अय्या तिच्यावरून खेड्यांतल्या शिष्यांकडं जायचे. डोळे गेल्यापासून ती उभीच होती. मी सगळी हकीकत सांगितली. कुत्रं, दवाखाना, ओढा. उद्याचा दिवस. अय्या पिस्टन हातावर घेऊन ऐकत होते.

"रिंगा मोकळ्या असतील तिच्या," ते म्हणाले. "रोज सकाळी पूजा झाली की मी किक फिरवतो. चालू करत न्हाय, नुसती फिरवतो. इंजिन धरू नये म्हणून. डोळ्याचं आप्रेशन झालं की फिरीन, असं हुतं मनात."

"मग राहू द्या, अय्या," मी म्हणालो. ते नुसतं तोंडानं म्हणालो. मनात म्हणत होतो, ऐकू नका, माझं हे ऐकू नका.

त्यांनी पिस्टन माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "आप्रेशन झालं तरी मला काय दिसायचं न्हाय आता, हे मला ठाव हाय. फकस्त कुणाला म्हणालो नव्हतो. आत जा, पाने कोनाड्यात हायत."

मी खोलायला लागलो. ते शेजारी पाटावर बसून टाकीवर हात ठेवून होते. आजारी जनावराच्या अंगावर ठेवावा तसा. रिंग निघाली ती अखंड, जराशी झिजलेली. माझ्या पिस्टनच्या खाचेत घातली तर अशी बसली, जणू तिथलीच. दरम्यान अक्काला सगळा उलगडा ओरडून सांगून झाला होता. ती माझ्यासमोर भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवून म्हणाली, "लिंग शाबूत हाय न्हवं? मग जेव की, वेड्या." मी जेवलो. इतकं जेवलो की शेवटी मलाच लाज वाटली.

निघताना अय्यांनी विभूतीची पुडी दिली. "विभूती कपाळाला, ऑईल रिंगेला," ते म्हणाले. "घाईघाईत उलटं करशील."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाडी जोडली. चौथ्या-पाचव्या किकेला ती बोलली. बायको वाकळेची घडी घेऊन दारात उभीच होती. डॉक्टर चुकलेल्या दिवसाबद्दल चुकचुकला, त्यानं सुई टोचली आणि म्हणाला, आता खाडा नको. झाला नाही.

पण इंजेक्शनं संपली म्हणून भीती संपत नाही. विष अंगात कधी उठेल सांगता येत नाही, असं लोक सांगायचे, आणि सांगणारे पुष्कळ होते. ती तांब्या तोंडाला लावायची तेव्हा माझे डोळे तिच्या गळ्याकडं जायचे. घोट उतरला की मी श्वास सोडायचो. तिला ते कळायचं. एकदा पाठ फिरवून पाणी पिताना ती म्हणाली, "असं बघत राहिलात तर तहानेनंच मरीन मी." मी बघायचं सोडलं नाही. दिवसातून जितक्या वेळा ती पाणी प्यायली, तितक्या वेळा मी तिला मनातल्या मनात पुरून आलो.

श्रावणात तिनंच हट्ट धरला, अय्यांच्या पाया पडायला चला. आम्ही गेलो ते गाडीवरूनच. अंगणात शिरल्यावर अय्या म्हणाले, बंद करू नको, चालू ठेव. ते काठी टेकत आले, वाकून कान दिला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मागच्या पडवीत त्यांची गाडी गोणपाटाखाली होती, आतून पोकळ. मला तिच्याकडं बघवेना. "बसली रिंग," ते म्हणाले. बास, एवढंच. मला वाटलं होतं ते काही उपदेश करतील.

मी त्या प्रसंगाचा फार विचार केला आहे, पण त्यातून देव आहे असं सिद्ध करायला कधी बसलो नाही. मी देवाकडं काहीच मागितलं नव्हतं. जे मागितलं ते एका बहिऱ्या बाईकडं, तिनं ऐकलं भलतंच, आणि ते घेऊन गेली ती आंधळ्या माणसाकडं. माझ्या हातात त्यातलं काहीही नव्हतं, पिशवीसुद्धा नव्हती. मी फक्त मागं मागं चाललो. शरण जाणं म्हणतात ते याहून काही वेगळं असेल तर ते मला अजून भेटलेलं नाही. हल्ली सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेतो तेव्हा मंत्राचे शब्द नीट येवोत न येवोत, मी फार काळजी करत नाही.

श्रावणातल्या त्या दिवशी अक्का आतून पितळी तांब्या घेऊन आली आणि तिनं तो बायकोच्या हातात दिला. अय्या मला कार्ब्युरेटरचं काहीतरी विचारत होते. मी त्यांना उत्तर देत होतो, सविस्तर, हातवारे करून, आंधळ्या माणसाला. मागं वळून बघितलं तेव्हा तांब्या ओसरीच्या कडेला ठेवलेला होता, रिकामा, आणि बायको पदरानं तोंड पुसत अक्काशी बोलत होती. पाणी पिऊन झालं होतं, आणि माझं लक्ष नव्हतं.