श्रीमंतशेठच्या दुकानातला आरसा

आमचे हे, म्हंजे काष्टीचे श्रीमंतशेठ कापडवाले, लई चौकस. कोरोनात दुकान बंद हुतं तवा गावातली पोरं मोबाईलवर कापडं मागवायला शिकली. मी म्हणलं, साथ सरली की येतील माघारी. साथ सरली, पोरांची सवय काय सरली न्हाई. वस्तीवरची घरं पार्सलवाल्याला घावंनात, म्हणून तो समद्यांची खोकी आमच्याच दुकानात टाकायला लागला. आन् हे ठेवून घ्यायचे.

"ज्यांनी आपलं गिऱ्हाईक पळवलं, त्यांचाच माल सांभाळायचा?" मी म्हणलं.

"आगं, बघू तरी काय मागवत्यात."

पोरं तिथंच खोकं फोडायची, आमच्याच आरशापुढं कापडं अंगाला लावून बघायची. हे बोटात कापड चोळून विचारायचे, फोटोत असाच रंग हुता का रं? शोभत नसलं तर तसं तोंडावर सांगायचे. माझा जीव जळायचा. लग्नाचा बस्ता, म्हंजे साऱ्या वऱ्हाडाची कापडखरेदी, त्याच्यावरच आमचं दुकान चालायचं. यंदा एकबी बस्ता आला नव्हता. आशा हुती ती मळ्यातल्या रेश्माच्या लग्नाची. आन् एक दिवस तिचंच पार्सल आलं. आत शालू.

पदर खांद्यावर घेऊन तिनं विचारलं, "काका, कसा दिसतोय?"

आमच्या मालाला आजवर ह्यांचं एकच उत्तर, खुलून दिसतंय. पण ह्यो माल दुसऱ्याचा. म्हणाले, "नको पोरी. ह्यात तू आजारी दिसतीस."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रेश्मानं शालू खोक्यात घातला. "मग तुमचा दाखवा."

मी आमच्यातला भारीतला अंजिरी शालू काढला. हे मान तिरकी करून बघत बसले. मी डोळ्यानं खुणावलं, म्हणा की.

"ह्योबी न्हाई शोभत तुला."

पोरगी गेली. मी कपाळाला हात लावला. "जन्मभर थापा मारल्या, आजच कसे हरिश्चंद्र झालात?"

"दुसऱ्याच्या मालाला खरं बोलायची सवय लागली गं," हे म्हणाले. "आता आपल्या मालालाबी तेच तोंडात येतं."

मी दोन दिवस अबोला धरला.

बाजाराच्या दिवशी दारात टेम्पो थांबला. रेश्मा, तिची आई, चुलत्या, मावश्या, समदा गोतावळा उतरला.

"मनकर्णाकाकू, बस्ता हितंच बांधायचा," रेश्मा म्हणाली.

माझे डोळे भरले. तिच्या मावशीनं एक हिरवी साडी अंगाला लावली. मी लगबगीनं म्हणलं, "लई खुलून दिसतंय."

साऱ्याजणी वळून ह्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या.