वाढत्या अंगाचा कोट

टेलरबाईंच्या मुलाला शाळेत सगळे ‘तंबू’ म्हणत, आणि त्याला कारण त्याची आई. मुलाचा एकही कपडा तिने कधी अंगाबरोबर शिवला नाही. खांदे ओघळलेले, बाह्या दुमडलेल्या आणि शिवणीच्या आत एवढं कापड दाबलेलं, की त्यात आणखी एक सदरा निघाला असता. पोरगं रडत घरी आलं की बाई मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, “वाढशील रे. घाई कसली आहे?”

पोरगं उंच झालं, पण रुंद काही होईना. जीभ मात्र भलतीच वाढली. मास्तरांनी एकाला उगाच मारलं म्हणून हा वर्गाबाहेर जाऊन बसला, आणि आत यायचं तर मास्तरांनी आधी त्या मुलाची समजूत काढावी म्हणून हटून बसला. बाईंनी त्याचा डबा तिथेच पोचवला. वडील पोस्टात पाकिटांवर शिक्के मारायचे, स्वभावाने भिडस्त. “तुम्ही मायलेक मिळून मला एक दिवस बेघर करणार,” एवढंच ते म्हणाले.

असा हा कुणाचं न ऐकणारा मुलगा सैन्यात अधिकारी झाला तेव्हा सगळ्या गल्लीने तोंडात बोट घातलं. पहिल्याच रजेत बाईंनी त्याचा सरकारी कोट उसवला. आत जाड लोकरीचं अस्तर घातलं, खांदे आणि छाती त्याच्या मापाला आणली आणि उरलेलं कापड सवयीने आत दाबून ठेवलं.

“आई, हे अस्तर नियमात बसत नाही.”

“थंडी काय नियम वाचून येते?”

“आणि खांद्या-छातीत एवढं कापड कशाला? मी आता लेफ्टनंट आहे, वाढत्या अंगाचा नाही.”

“लग्न होऊ दे, मग बघ कसा सुटतोस ते!”

युद्ध पेटलं ते ऐन हिवाळ्यात. डोंगराच्या धारेवरची एक चौकी त्याच्याकडे होती. तोफांनी चौकी पार खिळखिळी केली आणि खाली उतरायचा हुकूम आला, तेव्हा त्याचा बिनतारीवाला जवान मांडीत गोळी लागून थंडीने काळानिळा पडला होता. तंबूने अंगातला कोट काढून त्याच्या अंगात चढवला आणि वर दम भरला, “आईने शिवलाय. परत नेऊन द्यायचा. हरवलास तर ती तुला सोडायची नाही.” उतरायचा हुकूम त्याने सगळ्यांना पाळायला लावला, स्वतः पाळला नाही. जखमींना नेणाऱ्यांची वाट मोकळी राहावी म्हणून तो मशीनगनपाशी बसला, तो तिथेच राहिला.

पुढे भाषणं झाली. जो तो उठून म्हणायचा, त्याने देशासाठी प्राण दिले. बाईंचं टाळकं सणकायचं. वडील मात्र ऐकताना डोळे पुसायचे. म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी तो कोट काचेच्या कपाटात ठेवायला मागितला, तेव्हा वडिलांनी हो म्हटलं. “चार लोक बघतील त्याला. आपण गेल्यावर कोण आहे गं त्याची आठवण काढणारं?” बाईंनी मोडता घातला नाही, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

जवान बरा होऊन कोट परत द्यायला दुकानात आला, त्या दिवशी साहेबही हजर होते. जवान लंगडत होता. अंगाने आडवा, आणि एवढ्या गारठ्यात अंगावर नुसता विटका स्वेटर. त्याने कागदात गुंडाळलेला कोट टेबलावर ठेवला. बाईंनी अस्तरावरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

“धुऊ नका हं,” साहेब म्हणाले. “त्यांच्या रक्ताचा डाग फार मोलाचा आहे.”

जवान ओशाळला. “तो डाग माझा आहे. आमच्या लेफ्टनंटसाहेबांचा नाही.”

“ठीक आहे, पाटीवर तेवढं लिहायची गरज नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. जवानाला विचारलं, “थंडीत हा घालत नाहीस?”

“परत करायचा होता ना, मावशी. नंतर घातलाच नाही.”

“घाल.”

कोट पाठीवर ताणून बसला, बटणं लागेनात. बाईंनी कात्री उचलली तसे साहेब ताडकन उठले. “अहो, काय करताय! त्यांनी प्राण दिले, त्यांची ही शेवटची…”

“प्राण त्याचे घेतले,” बाई म्हणाल्या. आवाज चढला तो चढलाच. “त्याने दिला तो कोट! कुडकुडणाऱ्या माणसाला दिला, तुमच्या कपाटाला नाही. माझ्या लेकाने दिलेलं परत घेणारी मी कोण? आणि तुम्ही तरी कोण?”

साहेबांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी चष्मा पुसला, जवानाच्या अंगातला कोट हलक्या हाताने उतरवला, खणातलं ब्लेड काढलं आणि डाव्या बाजूची शिवण उसवायला घेतली. उजवी बाईंनी घेतली. साहेब कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

दाबलेलं कापड बाहेर आलं, नवंकोरं. बाहेरचं कापड उन्हाबर्फाने विटलं होतं, आतल्याचा रंग होता तसाच होता. बाईंनी ते ओठांना लावलं, क्षणभरच, आणि मशीनवर बसल्या. टिपा मारून कोट पुन्हा जवानाच्या अंगात घातला तेव्हा बटणं लागली. तो ढसाढसा रडायला लागला.

“हलू नकोस, टाचणी टोचेल,” बाई बाही टाचत म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत. “आणि ऐक. थोडं कापड अजून आत ठेवलंय. पुढच्या वर्षी येऊन दाखव. तू अजून वाढशील.”