टोपल्यापाशी थांबणारा ब्रेक

आमच्या शेजाऱ्यांची गाडी जुनी, अमेरिकन आणि रेड्याच्या ताकदीची. पळायची झकास, थांबायची मात्र मर्जीनं. उटनूरच्या उतारावर ते भाजीवाल्या मावशीला गाडीत घ्यायला ब्रेक दाबायचे आणि गाडी पळसाची दोन झाडं ओलांडून पुढं जाऊन उभी राहायची. त्यामुळे गाडी दिसली की मावशी टोपलं घेऊन आधीच पुढं धावत सुटायची.

शेवटी त्यांनी डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं. नागपूरच्या दुकानदारानं दोन सेट मांडले आणि चमक, वेग असलं कायबाय सांगू लागला. यांचं एकच पालुपद, "थे राहू द्या भाऊ. मावशीच्या टोपल्यापाशी थांबन का?" सोबत गेलेला मी वैतागलो. अखेर भरल्या गाडीनं उतरताना न तापणारा सेट त्यांनी घेतला.

ब्रेक बसल्यावर पहिल्याच सकाळी मी शेजारी बसलेलो असताना गाडी मावशीच्या थांब्यावर गपकन उभी राहिली. मावशी मात्र सवयीनं दोन पळस पुढं पोचली होती! मला हसू आवरेना.

"गाडी पुढं घ्या ना," मी म्हटलं. तोवर शेजारी उतरून धावत सुटले होते. टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन परत आले आणि धापा टाकत मला म्हणाले,

"हसून काऊन राह्यले? इतके दिवस थे धावली."