आलेली आग आणि जन्मलेली आग

लढाई सुरू झाली त्या साली मुरबाडच्या माझ्या गवताच्या वखारीत एक विम्याचा एजंट आला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून त्याने चहाआधी पॉलिसीची शेवटची कलमे वाचली.

"भरपाई कशाची मिळते ते सगळेच सांगतात, बाई. कशाची मिळत नाही ते आधी ऐका. बाहेरून आलेली आग यात बसते. ओलसर गवताच्या पोटात जन्मलेली बसत नाही. तिच्यासाठी वेगळी पुरवणी जोडावी लागते."

"मंग जोडा की," माझे दीर म्हणाले. "तसं आमचं गवत कडक वाळलेलं हाय."

एजंटाने बाही सारून गंजीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि लगेच काढला. मग मी घातला. आत तापल्या तव्याची धग होती.

"आज पुरवणी देत नाही," तो टोपी घालत म्हणाला. "आधी गंजी फोडा."

"ह्यो विमा विकाया आलाय का मोडाया?" दीर पुटपुटले.

मी त्याच दुपारी गडी लावले. मधले गवत काळे पडले होते आणि त्यातून वाफा निघत होत्या.

तो पुन्हा आला नाही. पुढच्या साली दुसऱ्या एजंटाने गंजीकडे न बघताच पुरवणी जोडून दिली. सही करण्याआधी मीच उठले आणि बाही सारली.