रेवदंड्याहून घंटा ओतवून आणली त्याची हकीकत

या देशाने पुष्कळ विश्वासघात सोसले. पण आमच्या देवघरातल्या घंटेने केला तसा क्वचितच कुणी केला असेल. जन्मभर 'घण्ण' म्हणणारी ही काशाची घंटा गेल्या वर्षापासून 'थड' म्हणू लागली. देव यावेत आणि राक्षस जावेत म्हणून घंटा वाजवायची. या आवाजाने दोघेही जागचे हलणार नाहीत. आधीच शाळेत यंदाची मुलं संस्कृतच्या तासाला विसर्ग गिळतात, त्यात घरची घंटाही फितूर. वडिलांनी ती रेवदंड्याला ओतवून घेतली होती. ठरवलं, तिला माहेरी न्यावं.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या बोटीने रेवस गाठलं. कुणी जाणार असेल त्याने टांग्याचं भाडं चढण्यापूर्वी ठरवावं. अलिबागेपुढे रस्त्याची चाळण आहे, आणि तिची भरपाई घोडा मागत नाही, टांगेवाला मागतो. पुढे नारळी-सुपारीच्या वाड्या लागल्या. आमचीही अशीच वाडी होती. आंघोळ चुकवायला मी तिच्या टोकाला विहिरीमागे लपत असे. तिथवर घंटा ऐकू आली की समजावं, नैवेद्य झाला. आता मार नाही, जेवण आहे.

जुन्या ओताऱ्याचा मुलगा धोंडू घरामागच्या पडवीत काम करतो. त्याने घंटा वाजवून पाहिली.

"आवाज तर बरा हाय, मास्तर."

"बरा? फुटक्या मडक्यासारखा आहे."

"मडकं फुटलं असंल कुठंतरी," त्याची बायको भात्यापाशी बसून म्हणाली, "घंटा न्हाय फुटली."

मी ऐकलं नाही.

धोंडूने मेणाची घंटा घडवून तिच्यावर मातीचे थर चढवले. साचा वाळेपर्यंत माझा मुक्काम देवळाशेजारी, एका बाईंकडे. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मुंबईकरांनी तेवढ्यासाठी तरी यावं. मग साचा तापवून मेण वाहून जाऊ दिलं, आत घंटेची पोकळी राहिली. करवंट्यांच्या कोळशावर मूस चढली. वडिलांच्या घंटेचे तुकडे करून धोंडूने त्या मातीच्या भांड्यात टाकले. मला विहिरीमागून बोलावणारी घंटा डोळ्यांदेखत पातळ झाली.

त्याने चिमट्यात मूस उचलली. बायको माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणालात?" मी मोठ्याने विचारलं.

रस ओतून झाल्यावर धोंडूने कपाळ पुसलं. "गप ऱ्हावा म्हनली ती. दोनदा म्हनली. ओतताना कुनी बोललं की घंटा मुकी व्हते, आमच्या घरचा नेम हाय."

साचा फोडला, घंटा घासली, लोलक अडकवला. धोंडूने वाजवली. थड.

"झाली मुकी," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिली. तेवढ्यात कुंपणापलीकडून जाणारी कोळीण टोपली सावरत थांबली. "धोंडूदादा, एवढ्या उन्हाची आरती कसली रं?"

परतीच्या टांग्यात भाड्यावरून मी एक शब्द बोललो नाही.

घरी आल्यावर पूजेत घंटा वाजवली. दोन खोल्या पलीकडून, स्वयंपाकघरातून मंडळी म्हणाल्या, "अगदी मामंजींच्या वेळचा आवाज. पण जुनी तरी कुठे वाईट वाजत होती?"

जुनी आता परत यायची नाही. मला ऐकू कमी येतं आहे. विसर्ग गिळला म्हणून मी रोज कुणाला तरी बाकावर उभं करतो. उद्या सोमवार. मुलं तो गिळत नसावीत, अशी मला भीती वाटते; आणि हे तपासायला माझ्याकडे हेच दोन कान आहेत.