मंगलचं जर्नल

निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि विचारलं, "काही राहिलं नाही ना रे?" मी बॅगेची चेन ओढत म्हटलं, "काही नाही." दारात जीप उभी होती, एजंटाचा माणूस हॉर्नवर हॉर्न मारत होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवायचा मान कतारला मिळाला होता आणि आमच्या लातूरकडची पोरं भराभर तिकडं निघाली होती. बॅग आईनंच भरलेली. टेबलावरच्या वह्या, पुस्तकं, सर्टिफिकिटं, सगळं लेकाचंच समजून तिनं आत घातलं. त्यात मंगलचं जर्नल होतं.

मंगल म्हणजे एमएस्सी फिजिक्सला प्रॅक्टिकलमधली माझी पार्टनर. मी स्केलवर आकडा वाचायला वाकलो की म्हणायची, "डोळा सरळ लाव, सुध्या. तिरकं बघितलं की आकडा खोटा येतो." दोन वर्षं, चार सेमिस्टर. थिअरीचे पेपर, सेमिनार, शेवटी प्रोजेक्ट. आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं तर विभागप्रमुखांची सही-शिक्का असलेलं जर्नल पाहिजे. सही एकदाच. हरवलं तर पुढच्या वर्षी सगळे प्रयोग पुन्हा. मंगलला पुढचं वर्ष नव्हतं. "वडिलांनी दोनच वर्षं दिलीत, तिसरं मागितलं तर बोहल्यावर," असं ती हसत सांगायची.

तिसऱ्या सेमिस्टरला मी वेल्डिंग तपासायचा कोर्स करायला पंधरा दिवस पुण्याला पळालो. व्हिसा आला तर कतार, नाही आला तर परीक्षा. दोन्ही डगरींवर हात. बुडालेल्या प्रयोगांची रीडिंग उतरवून घ्यायला मंगलनं आपलं सही झालेलं जर्नल मला दिलं. उतरवलेलं पकडलं गेलं तर दोघंही बाद, हे तिला माहीत होतं. तरी दिलं. आणि चौथ्या दिवशी माझा व्हिसा आला.

कतारात अल खोरच्या कामगार कॅम्पमध्ये बॅग उघडली तर सगळ्यात वर खाकी कव्हर आणि तिचं गोल अक्षर. परीक्षेला बारा दिवस होते. आईला फोन लावला तर म्हणाली, "ती पोरगी आली हुती वही मागायला. तोंड एवढुसं झालं हुतं बघ. धाडून दे बाबा." कॅम्प ऑफिसातला मल्याळी माणूस म्हणाला, शुक्रवारी माझ्यासोबत दोह्याला चल, कुरिअर करू. शुक्रवार आला. आठवडाभर रास लफानच्या गॅस प्लँटवर, उन्हात, पाइपांचे जोड तपासायचं मशीन फिरवून अंग आंबलं होतं. कारणं सतरा सांगता येतील. खरं एवढंच, की मी झोपलो.

पुढचं मित्राकडून कळलं. तिला परीक्षेला बसू दिलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, एसटीत राहिलं. माझं नाव घेतलंच नाही. घेतलं असतं तर परत येऊन परीक्षा द्यायची माझी वाट कायमची बंद झाली असती. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

कंपनीच्या बसच्या खिडकीतून मी अल खोरबाहेरचं ते तंबूसारखं स्टेडियम उभं राहताना पाहिलं. आधी क्रेनच क्रेन, मग सांगाडा, मग वरचं पांढरं कापड. मी टेक्निशियनचा इन्स्पेक्टर झालो. बायको आली, लेक झाली. लेकीला मराठी कळतं, पण बोलते इंग्लिशच. सगळं झालं. पण गेजवरचा आकडा वाचायला वाकलो की अजून कानाशी येतं, डोळा सरळ लाव, सुध्या. मी वळून बघतो. फोरमन घाई करत ओरडतो, "यल्ला, खलास करो!" मी तोच आकडा पुन्हा वाचतो. दोन सुट्ट्यांना जर्नल गावी नेलं आणि तसंच परत आणलं. एकदा कस्टमवाल्यानं ते उघडून विचारलं, काय आहे? मी म्हटलं, "माय बुक."

यंदा मॅचेस तोंडावर आल्या असताना सुट्टी मिळाली, आणि गेलोच तिच्या घरी. ती ओसरीवर दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होती. मुलांना तिनं घरी पाठवलं. मी जर्नल पुढं केलं आणि म्हटलं, "चुकलं माझं, मंगल." जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. पदरानं कव्हर पुसलं, एकेक पान उलटत शेवटच्या सहीपर्यंत गेली. मग विचारलं, "तू दिलीस का मग परीक्षा?"

"नाही."

"एकदाही नाही?"

मी मान हलवली. ती माझ्याकडं सरळ बघत राहिली. "मग मी कशापायी खोटं बोलले रे, सुध्या?"

परत निघताना आईनं हातावर दही ठेवलं, नेहमीचंच विचारलं. बॅग हलकी होती. या वेळी मला "काही नाही" म्हणता आलं नाही. इथं कुणी विचारलं, घर कुठं तुमचं, तर मी लातूर सांगतो. पण डोळ्यांपुढं आमचं दार येत नाही. मंगलची ओसरी येते, आणि ती अजून उत्तराची वाट बघत बसलेली असते.